तालुक्याच्या कोर्टातली खुर्ची

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायचे असेल तर आधी किमान तीन वर्षे वकिली हवी. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह आणि न्या. के. विनोद चंद्रन यांचे हे पीठ होते. ज्या भरत्या आधीच सुरू झाल्या होत्या त्यांना ही अट लागू नव्हती, पुढच्या सगळ्यांना होती. महाराष्ट्रात तोवर वकिलांसाठी एक आणि नव्या पदवीधरांसाठी एक अशी वेगळी दारे होती. तीन वर्षे वकिली केलेल्याला पस्तिशीपर्यंत अर्ज करता येई. कायद्याच्या सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात आणि शेवटच्या वर्षाची किमान ५५ टक्के गुणांनी पार केलेल्या ताज्या पदवीधराला पंचविशीपर्यंत. हे दुसरे दार आता बंद झाले.

सांगलीची एक मुलगी नेमकी त्या दारापाशी उभी होती. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम संपत आलेला, एकही विषय मागे राहिलेला नाही, वय तेवीस. तिचा मामा साताऱ्यात वकील. तीस वर्षांत त्याने दिवाणी दाव्यांखेरीज फारसे काही चालवलेले नाही. निकालाची बातमी ऐकून भाचीने फोन केला तेव्हा मामाने समजूत घालायची सोडून निकाल योग्यच आहे असे सांगितले. तिथून सुरू झालेला वाद नोकरीच्या अटीपुरता राहिला नाही. तालुक्याच्या कोर्टात खुर्चीवर कोणी बसायचे, किती वर्षे बसायचे आणि तिथून कुठे जायचे, इथपर्यंत तो पोचला.

"तीन वर्षं मी खायचं काय?" हा तिचा पहिला प्रश्न होता. "नव्या ज्युनियरच्या हातावर महिनाअखेर काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे, मामा. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये सांगितलं, शहरात वीस हजार द्या, ग्रामीण भागात पंधरा हजार द्या. पण ती शिफारस, सक्ती कुठंय? ज्याचा बाप वकील त्याची तीन वर्षं आरामात निघतात. जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीनं काय करायचं? पास झाली असती तर पहिल्या पगारातलं मूळ वेतनच ७७,८४० होतं. आता घरचे म्हणतील, तीन वर्षं कशाला थांबायचं, स्थळ बघू."

मामाने पैशाचा मुद्दा नाकारला नाही. "ते तुझं खरं आहे. पण मला सांग, वाटपाचा दावा तू पाहिलायस का? पुस्तकातला सोड. कोर्टात चाललेला?"

तिने पाहिला नव्हता. सातारा-सांगलीच्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या बोर्डावर वाटपाचे दावे असतातच, आणि कायदा वाचून आलेल्या माणसाला ते सोपे वाटतात. वारस किती, हिस्सा किती, भागाकार करून टाका. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलेले असते. फेरफार कोणाच्या तरी वर्दीवरून झालेला असतो. एका गटात धाकट्याने स्वतःच्या पैशाने विहीर पाडलेली असते आणि त्याचा कागद नसतो. कालव्याखालचा तुकडा आणि माळाचा तुकडा क्षेत्राने सारखे, पिकाने नाहीत. कोर्टाने हिस्से ठरवून हुकूमनामा केला तरी शेतसारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, मग मोजणी येते, आणि मोजणीच्या दिवशी बांधावर काय होईल याचा अंदाज घेऊनच निकालपत्रातले वाक्य लिहावे लागते. मामाचे म्हणणे असे की हा अंदाज बांधावर जाऊन आलेल्यालाच येतो.

"आणि दाव्यातली बहीण," मामा पुढे म्हणाला. "भाऊ म्हणतात, तिनं हक्कसोड दिलंय. कागद नोंदवलेला आहे, सही तिची आहे. ती म्हणते, मला वाचून दाखवलं नव्हतं. उलटतपासात ती दोनदा गप्प बसते. त्या गप्प बसण्याचा अर्थ तुला तेविसाव्या वर्षी कळेल?"

यावर भाचीने जे उत्तर दिले ते या वादातले सगळ्यात बिनतोड उत्तर आहे. "हक्कसोड लिहून कोण देतं, मामा? पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव असलेले वकीलच ना? २००५ मध्ये कायद्यानं मुलीला मुलासारखा हिस्सा दिला. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ ला बाप हयात असो वा नसो, तिचा हक्क जन्मापासूनचा. तरी बहिणीकडून सह्या घेणं चालूच आहे, आणि तो मसुदा अनुभवी हातातूनच उतरतो. ती बहीण का गप्प बसली हे मला तुमच्यापेक्षा लवकर कळेल. आमच्या घरात मी ते बघितलंय."

मामा थोडा वेळ काही बोलला नाही.

अनुभव म्हणजे फक्त कोर्टातला अनुभव असे धरून चालण्यात गफलत आहे, हे तिने नेमके पकडले होते. आणि तीन वर्षे कोणाच्या तरी ऑफिसात काढल्याने शहाणपणच येते असेही नाही. तारीख कशी मागावी, कैफियत कशी लांबवावी, साक्षीदाराला दमवावे कसे, हेही तिथेच शिकायला मिळते. दुसरीकडे, शिकाऊ न्यायाधीशाला कोर्टातल्या या खोड्या माहीत नसतील तर समोरचा वकील त्याला महिनाभर गुंडाळून ठेवू शकतो, हे मामाचे म्हणणेही तितकेच खरे. सर्वोच्च न्यायालय स्वतः या प्रश्नावर दोनदा वळले आहे. १९९३ मध्ये त्याने तीन वर्षांची अट घालायला सांगितली. हुशार मुले न्यायसेवेकडे यावीत म्हणून शेट्टी आयोगाच्या शिफारशीवरून २००२ मध्ये ती काढली. २०२५ मध्ये, अट नसतानाच्या वीस वर्षांचा अनुभव चांगला नाही असे बहुतेक उच्च न्यायालयांनी कळवल्यावर, पुन्हा आणली. त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, ज्याची चर्चा कमी झाली: निवड झालेल्याने खुर्चीवर बसण्याआधी किमान एक वर्ष प्रशिक्षण घ्यायचे. महाराष्ट्रात हे प्रशिक्षण भाईंदरजवळच्या उत्तनला, महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होते.

पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे माहुली गाव साताऱ्याला लागून असल्यामुळे अशा वादात ते येणारच होते. मामाने ते नाव काढले, पण भाची म्हणाली की रामशास्त्र्यांचे उदाहरण धैर्याचे आहे, भरतीच्या नियमांचे नाही. तिने दुसरे नाव पुढे केले.

"न्यायमूर्ती रानड्यांनी वकिली कुठं केली होती? १८६६ ला एल्‌एल. बी. झाले. १८७१ ला ॲडव्होकेटची परीक्षा पास झाले आणि त्याच वर्षी पुण्याला सबजज्ज. मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. त्यांना आजची अट लावली असती तर?"

"मधली वर्षं तू गाळलीस," मामा म्हणाला. "अक्कलकोटला कारभारी होते. कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश होते. संस्थानाचा कारभार हाताखालून गेलेला माणूस सबजज्ज झाला. त्याला सनद लागत नाही, पण जग पाहिलेलं लागतं, एवढंच मी म्हणतोय."

रानडे या वादात आले हे बरेच झाले, कारण सातारा जिल्ह्याच्या तालुका कोर्टांशी त्यांचा थेट संबंध आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पसरला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. तासगाव, विटा, शिराळा हा आज सांगलीत असलेला भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. नव्या कायद्याने सबजज्जावर मोठे काम टाकले. सावकाराने कर्जरोखा पुढे केला आणि कुणब्याचा अंगठा खरा निघाला की हुकूमनामा, ही रीत बंद झाली. रोख्यामागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती वेळा मुद्दलात चढवले, प्रत्यक्षात दिले काय, हा सगळा हिशेब न्यायाधीशाने स्वतः उकलायचा. रानडे १८८१ पासून पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या कोर्टांमधले हे काम तपासत फिरत होते. १८८७ मध्ये ते या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले, १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले.

त्याच काळात दुसऱ्या टोकाने आलेला एक माणूस साताऱ्यात होता. सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू, इंग्लंडला जाऊन १८६३ मध्ये आयसीएस झालेले पहिले भारतीय. सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ मध्ये ते साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. वरच्या दाराने शिरलेले टागोर जिल्हा न्यायाधीश राहून घरी गेले, आणि सबजज्जापासून चढलेले रानडे उच्च न्यायालयात पोचले. वाईला त्याही आधी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मुन्सिफ होते. आपल्या भागातल्या या खुर्च्यांवर केवढी माणसे बसून गेली, हे वकिलांच्या खोलीत कोणी सांगत नाही. सांगितले पाहिजे.

आजची चढण कशी आहे? लोकसेवा आयोगाची परीक्षा, मग कनिष्ठ स्तर. तोच माणूस सकाळी दिवाणी न्यायाधीश आणि दुपारी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. दंडाधिकारी म्हणून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास देता येतो. सुट्टीच्या दिवशी रिमांड आले तर आरोपीला पोलीस कोठडी द्यायची की नाही हे तिथल्या तिथे ठरवायचे. काही वर्षांनी वरिष्ठ स्तर, भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणे, मोठ्या रकमांचे दावे. त्यानंतर जिल्हा न्यायाधीश. तिथे चढून येणाऱ्यांच्या शेजारी वकिलीतून थेट आलेले, सात वर्षे व्यवसाय केलेले लोक बसतात. थेट भरतीचा वाटा २५ टक्के आहे. खात्यांतर्गत स्पर्धा परीक्षेचा वाटा २०१० पासून १० टक्के होता, तो २०२५ च्या निकालाने पुन्हा २५ केला. उरलेली पन्नास टक्के पदे नेहमीच्या बढतीची. साठाव्या वर्षी निवृत्ती. फार थोडे उच्च न्यायालयात जातात, आणि पंचविशीत आलेल्यालाच त्यासाठी हाताशी वर्षे उरतात. वयाचा हा हिशेब भाचीच्या बाजूचा आहे.

९ ऑक्टोबर २०२५ ला घटनापीठाने आणखी एक वाट उघडली. वकिली आणि न्यायाधीशपद मिळून सात वर्षे भरली असतील आणि वय किमान पस्तीस असेल, तर सेवेतल्या न्यायाधीशालाही जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसता येईल.

भाचीला हा निकाल आवडला. मामाला धास्ती वाटली.

"म्हणजे आता चेंबरमध्ये परीक्षेची पुस्तकं," तो म्हणाला. "अकरा वाजता बोर्डावर बसायचं आणि डोळा पुढच्या जाहिरातीवर. अगं, तालुक्याच्या कोर्टात आलेला माणूस बहुतेक वेळा तिथंच थांबतो. पुढं अपील करायला त्याच्याकडं पैसा नसतो, जीव नसतो. त्याच्यासाठी तेच शेवटचं कोर्ट. आणि खुर्चीवरच्या माणसाला मात्र ती पहिली पायरी. तो तिथून कधी निघू म्हणून बघतोय."

"पुढं जायची इच्छा म्हणजे गुन्हा नाही," भाची म्हणाली. "तुम्ही लहान कोर्टातून मोठ्या दाव्यांकडं आलातच ना?"

"आलो. पण माझ्याकडं तीस वर्षं एकच पत्ता आहे अशी पक्षकार माणसं आहेत. साहेबांचा पत्ता तीन वर्षांनी बदलतो."

वाद खरा पेटला तो बदल्यांवर. साधारण तीन वर्षांनी न्यायाधीशाची बदली होते, आणि जुना दावा त्याच्या आधीही असतो, नंतरही. सरतपास एकापुढे, उलटतपास दुसऱ्यापुढे, युक्तिवाद तिसऱ्यापुढे, असे घडते. कायद्याला ते चालते. आधीच्या न्यायाधीशाने नोंदवलेल्या पुराव्यावरून नंतरच्याने निकाल द्यावा अशी तरतूदच आहे. पण साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडखळला, कोणाकडे पाहून बोलला, हे पहिल्याने पाहिलेले असते आणि निकाल तिसरा लिहितो. कागदावर उरतात ती फक्त वाक्ये. मामाची मागणी होती की किमान पाच वर्षे एका जागी ठेवा. तासगावच्या कोर्टात बेदाण्याच्या व्यवहारातले न वटलेले धनादेश येतात, पाटणला कोयनेच्या विस्थापितांच्या जमिनींचे प्रश्न येतात. व्यापाराची किंवा पुनर्वसनाची ही गुंतागुंत समजायलाच दोन वर्षे जातात, आणि समजली की बदलीचा हुकूम.

"पाच वर्षांत साहेब गावातल्या प्रत्येक लग्नाला जायला लागतात," भाची म्हणाली. "जवळीक झाली की काय होतं ते तुमच्याच साताऱ्यात बघितलं. २०२४ च्या डिसेंबरात जामिनाच्या प्रकरणात सत्र न्यायाधीशावर लाच मागितल्याचा गुन्हा दाखल झाला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं सेवेतून काढलं."

मामाच्या आवाजात पहिल्यांदाच राग आला. "त्याचा उल्लेख तू करू नकोस. कोर्टाच्या आवारात त्या आठवड्यात मान वर करून चालवत नव्हतं. पण ते जवळीकीमुळं झालं म्हणशील तर चूक. लाचेला ओळख लागत नाही, मध्यस्थ लागतो."

हा मुद्दा दोघांनीही पुढे नेला नाही. पण त्यावर थांबायला हवे, कारण बदली हे भ्रष्टाचारावरचे औषध आहे असे आपण गृहीत धरतो. बदलीने ओळखी तुटतात हे खरे. त्याच बदलीने नव्या माणसाला जुन्या मध्यस्थांच्या गावात एकट्याने पाठवलेही जाते.

मामाने इथे प्रतिसरकारची आठवण काढली. १९४३ पासून नाना पाटलांच्या सरकारची न्यायदान मंडळे सातारा-सांगलीच्या गावागावांत बसत, आणि माणसे जमिनीचे, देण्याघेण्याचे तंटे घेऊन त्यांच्याकडे जात. निवाडा करणारे गावाला माहीत असत, गाव त्यांना माहीत असे. त्याचे म्हणणे, विश्वास तिथून आला.

"तो लढ्याचा काळ होता," भाची म्हणाली. "तिथं राज्य चालवणारे आणि न्याय देणारे एकच. आज तेच केलं तर तुम्हीच पहिल्यांदा आक्षेप घ्याल. रानड्यांच्या बदल्या आठवा. १८७८ ला नाशिक, १८७९ ला धुळं. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा संशय, टपालावर पाळत. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आठवणींत लिहून ठेवलंय. सरकारला न्यायाधीश नकोसा झाला की तो हलवला जायचा. आज घटनेच्या २३५ व्या कलमानं बदली उच्च न्यायालयाच्या हातात आहे. तीन वर्षांनी सगळ्यांचीच होते म्हणून ती शिक्षा वाटत नाही. पाच करा, मग कोणाला तीनला हलवलं आणि का, हे प्रश्न सुरू."

हे मामाला पटले नाही, पण त्याला उत्तरही सुचले नाही. या जागी भाचीची बाजू वरचढ आहे. तरी ती जिची बाजू घेते त्या व्यवस्थेत एक उणीव राहते. निकाली काढलेल्या प्रकरणांचा हिशेब, गोपनीय अहवाल, परीक्षा, यांतल्या कशातही तालुक्याचे कोर्ट उत्तम चालवणारा माणूस केवळ त्या कामासाठी मोठा ठरत नाही. त्याला मोठे व्हायचे तर ते कोर्ट सोडावे लागते. एखाद्याने पंधरा वर्षे जुना, शंभर साक्षी-कागदांचा दावा जीव ओतून संपवला, तर त्याची किंमत सहज मिटणाऱ्या पाच तडजोडींपेक्षा किती जास्त धरायची, यावर न्यायसेवेने अधिक कष्टाने विचार करायला हवा. दिवाणी न्यायाधीशाला त्याच पदावर राहून सन्मानाने आणि चांगल्या वेतनाने म्हातारे होता येईल अशी वाट असती, तर पहिली पायरी आणि शेवटचे कोर्ट यांतले अंतर थोडे कमी झाले असते. ७७,८४० हा आकडा चांगला आहे, पण तो सुरुवातीचा आकडा आहे. पुढची प्रत्येक मोठी उडी पद बदलल्यावरच येते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी त्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले होते. मामा त्या आंदोलनात होता. अपिलाला मुंबई गाठायची गरज उरली नाही. त्याच्या "शेवटचं कोर्ट" या मुद्द्याची धार यामुळे थोडी कमी होते, आणि ते त्याने आनंदाने मान्य केले. साताऱ्याहून मुंबईऐवजी कोल्हापूर गाठले की जवळपास निम्मे अंतर वाचते. सांगलीकराला तर कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. तालुका कोर्टातल्या न्यायाधीशालाही आता ठाऊक आहे की त्याचा निकाल जवळच वाचला जाणार आहे.

राहिला प्रश्न तीन वर्षांचा. निकालाप्रमाणे वकिलीचा काळ तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजला जातो, आणि ती वकिली खरी होती याचा दाखला न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशाने किंवा दहा वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलाने द्यायचा असतो. वकिलाच्या दाखल्यावर प्रमुख न्यायाधीशाची मोहोर लागते.

"माझ्याकडं ये," मामा म्हणाला. "पंधरा हजार देतो. शिफारस पाळतो."

"तुमच्याकडं नको."

"का?"

"मामानं भाचीला दाखला दिला म्हणतील. आणि साताऱ्यात मला सगळे तुमची भाची म्हणूनच ओळखतील. मी जतला किंवा विट्याला बसते. कोणी पंधरा देणारं मिळालं नाही तर दहावर बसते, पण उलटतपास मला पहिल्याच वर्षी घेऊ द्यायचा, या अटीवर."

मामाने विट्याच्या दोन वकिलांची नावे सांगितली. एक फौजदारी करणारा, दुसरा दिवाणी. भाचीने दिवाणीवाल्याचा नंबर घेतला. बदल्या तीन वर्षांनी व्हाव्यात की पाच, यावर दोघांचे अजून जमलेले नाही. पुढच्या सुट्टीत तो विषय पुन्हा निघणार आहे, आणि तोपर्यंत तिच्या हाताखालून वाटपाचा एखादा दावा गेलेला असेल असे मामाला वाटते.